लेबल-बिबल : बाटली पुण्याची, फाईल गेवराईची

खरं सांगा, लेबल शेवटचं कधी वाचलंत? लो-फॅट म्हणून घेतलेल्या बिस्किटांच्या पुड्यामागचं? ‘ड्राय क्लीन ओन्ली’ लिहिलेलं असूनही बादलीत भिजवलेल्या कुर्त्याचं? आपण किंमत वाचतो, एक्स्पायरी वाचतो (तीही दुधाची), आणि बाकीचा मजकूर मुंगीच्या अक्षरात आहे म्हणून सोडून देतो. हा कॉलम त्या मुंग्यांसाठी आहे, हे जुन्या वाचकांना सांगायला नको.

आजचं लेबल मात्र कुठल्याही मॉलमध्ये मिळणार नाही. माझी रूममेट पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत रिसर्च करते. तिथल्या उणे वीस डिग्रीच्या फ्रीझरमध्ये एका खोक्यात, करंगळीच्या पेरापेक्षा छोटी प्लॅस्टिकची बाटली असते. बाटली कसली, टोपण लावलेली नळीच. आत शंभर मायक्रोलिटर पाणी, म्हणजे जेमतेम दोन-तीन थेंब. किंमत विचारू नका. मी विचारली आणि माझ्या दोन महिन्यांच्या घरभाड्याचा आकडा ऐकून गप्प बसले.

त्या नळीवरचं लेबल असं : मोनोक्लोनल अँटिबॉडी. टार्गेट – ह्युमन सीए-नाइन. होस्ट – माउस. क्लोन – एम-७५. अॅप्लिकेशन – वेस्टर्न ब्लॉट, आयएचसी. फॉर रिसर्च यूज ओन्ली.

सहा ओळी. वाचूया एकेक. घाबरू नका, परीक्षा नाहीये. आणि शेवटी आपल्याला गेवराईला जायचंय, तेव्हा एवढं सामान सोबत लागेल.

टार्गेट : सोड्याच्या चरचरीपासून कॅन्सरपर्यंत

सीए म्हणजे कार्बॉनिक अॅनहायड्रेज. हे एक एन्झाइम, शाळेच्या पुस्तकातलं ‘विकर’. त्याचं काम ऐकायला अगदी साधं : कार्बन डायऑक्साइड आणि पाणी यांची गाठ घालून द्यायची, की त्यातून बायकार्बोनेट आणि आम्ल तयार होतं. गरज पडली तर हाच व्यवहार उलटा. हे काम एन्झाइमशिवायही होतं, पण सरकारी फाईलच्या वेगानं. एन्झाइम मध्ये पडलं, की एकेक रेणू सेकंदाला दहा लाखांच्या घरात व्यवहार उरकतो. केंब्रिजमध्ये मेल्ड्रम आणि रफ्टन या दोघांनी १९३३ साली ते रक्तात शोधलं.

आपल्या रक्ताचा पीएच ७.३५ ते ७.४५ एवढ्याच चिंचोळ्या पट्टीत राहावा लागतो. जरा इकडेतिकडे झालं तर थेट आयसीयू. तो तोल सांभाळणाऱ्या टीममध्ये फुप्फुसं आहेत, किडन्या आहेत, आणि या दोघांच्या कामाला वेग देणारं हे एन्झाइम आहे. लेह-लडाखला बाइकवर जाताना तुमच्या ग्रुपमधल्या शहाण्या मित्रानं डायमॉक्सची गोळी घ्यायला सांगितली असेल, ती याच एन्झाइमला ब्रेक लावते. आणि सोडा पिताना जिभेला जी चरचर जाणवते, त्यातही याचा हात आहे. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर याच कुटुंबातलं चार नंबरचं भावंड बसलेलं असतं, हे २००९ साली शास्त्रज्ञांनी दाखवलं.

भावंड म्हणाले, कारण हे भलंमोठं एकत्र कुटुंब आहे. माणसात पंधराएक सदस्य, प्रत्येकाला नंबर. आपलं आजचं टार्गेट म्हणजे नऊ नंबर. सीए-नाइन.

हा नऊ नंबर घरातला विचित्र मेंबर. निरोगी शरीरात तो मुख्यतः जठराच्या आणि पित्ताशयाच्या अस्तरात सापडतो, इतरत्र फारसा दिसत नाही. पण एखादी गाठ भराभर वाढायला लागली आणि तिच्या आतल्या पेशींना ऑक्सिजन पुरेनासा झाला, की हा पेशीच्या बाहेरच्या भिंतीवर उगवतो. कॅन्सरची पेशी साखर जाळते, आम्ल तयार करते आणि तेच आम्ल आत साठलं तर स्वतःच मरेल. नऊ नंबर तिला ते बाहेर टाकायला मदत करतो. आपल्या घरातला कचरा जिन्यात ढकलणारे शेजारी असतात ना, तसं. आतलं घर चकाचक, आणि बाहेरच्या निरोगी पेशींच्या दारात आम्लाचा ढीग.

म्हणजे नऊ नंबर नको त्या ठिकाणी दिसला, तर काहीतरी गडबड असू शकते. पण तो दिसणार कसा? उघड्या डोळ्यांना नाही, नुसत्या मायक्रोस्कोपखालीही नाही. त्याच्यावर बोट ठेवणारं कुणीतरी हवं. लेबलच्या पुढच्या दोन ओळी त्या ‘कुणीतरी’च्या आहेत.

होस्ट आणि क्लोन : उंदीर, आणि एक बाई

अँटिबॉडी, म्हणजे मराठीत प्रतिपिंड, आपल्याला कोविडनं तोंडपाठ करून दिली. शरीरात परकं काही आलं, की त्याला नेमकं ओळखून चिकटणारी प्रथिनं. शास्त्रज्ञांनी त्यातलं ‘नेमकं ओळखून चिकटणं’ एवढंच उचललं. उंदराला एखादं प्रथिन टोचायचं. त्याचं शरीर त्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं. त्या बनवणाऱ्या पेशी काढून न मरणाऱ्या कॅन्सर पेशींशी जोडायच्या. मग त्यातली एकेक पेशी वेगळी वाढवायची. एका पेशीची सगळी प्रजा एकसारखी, तिची अँटिबॉडीही एकसारखी. याला म्हणायचं मोनोक्लोनल. कोलर आणि मिलस्टाइन यांनी ही युक्ती १९७५ साली केंब्रिजमध्ये काढली आणि १९८४ साली त्यांना नोबेल मिळालं. तुमच्या मेडिकलवाल्याकडे मिळणाऱ्या प्रेग्नन्सी किटमधली गुलाबी रेघ उमटते, तीही अँटिबॉडीच्याच जिवावर.

एम-७५ हे अशाच एका वंशाचं नाव. ती जन्मली ब्रातिस्लाव्हामध्ये, तेव्हाच्या चेकोस्लोव्हाकियात. तिथल्या व्हायरॉलॉजी इन्स्टिट्यूटमध्ये यान झावादा, यारोमीर पास्तोरेक आणि सिल्विया पास्तोरेकोव्हा एका गूढ विषाणूच्या मागे लागले होते. विषाणूबरोबर त्यांच्या जाळ्यात आणखी एक प्रथिन आलं. त्याचं काम कुणालाच माहीत नव्हतं, आणि ते विषाणूचं नव्हतंच. ते होतं माणसाच्या पेशीचं. १९९२ साली त्यांनी हे प्रसिद्ध केलं. त्या प्रथिनाची घडण पुढे तपासली तेव्हा कळलं, की हे कार्बॉनिक अॅनहायड्रेजचं नवीन भावंड आहे. चोर पकडायला जावं आणि त्याच्या घरात हरवलेला नातेवाईक सापडावा, त्यातली गत.

पण ‘माणसाच्या पेशीचं’ म्हणजे कुणाच्या? त्यांच्या बशीत होत्या हेला पेशी. जगभरच्या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या, पुण्याच्या राष्ट्रीय कोशिका विज्ञान केंद्रातही असणाऱ्या. या पेशी हेन्रिएटा लॅक्स नावाच्या कृष्णवर्णीय अमेरिकन बाईच्या. १९५१ साली बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये तिच्या गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचा तुकडा घेतला गेला, आणि तिला न विचारता तो प्रयोगशाळेत गेला. त्याच वर्षी ती एकतीस वर्षांची असताना वारली. तिच्या पेशी अजून वाढतायत.

गर्भाशयमुख. न विचारता. हे दोन शब्द बाजूला काढून ठेवा, पुढे लागणार आहेत.

अॅप्लिकेशन : तपकिरी म्हणजे हो, निळं म्हणजे नाही

आयएचसी म्हणजे इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री. नाव जिभेला वळसा घालतं, काम मात्र एखाद्या रेसिपीसारखं. पेशंटच्या गाठीतून तुकडा काढायचा. फॉर्मॅलिनमध्ये मुरवायचा, मेणाच्या ठोकळ्यात बसवायचा. मग केसापेक्षा कितीतरी पातळ काप काढून काचेवर चिकटवायचा. वर एम-७५चा थेंब. नऊ नंबर असेल तर ती चिकटते, नसेल तर धुऊन जाते. मग तिला पकडणारी दुसरी अँटिबॉडी, आणि तिच्या शेपटाला लावलेला रंग. जिथे ती चिकटली तिथे तपकिरी, बाकी सगळं फिकट निळं.

रूममेटनं मला मायक्रोस्कोपमधून दाखवलं. निळ्या पाण्यात तपकिरी जाळी. सुंदर दिसतं, आणि लगेच लक्षात येतं की सुंदर म्हणायची ही वस्तू नव्हे.

तिच्या ट्रेमध्ये एकाऐवजी तीन काचा होत्या. एक पेशंटच्या तुकड्याची. दुसरी अशा तुकड्याची, जिथे नऊ नंबर असतोच; तिथे रंग आला नाही तर समजायचं अँटिबॉडी मेली. आणि तिसरी, जिथे रंग यायलाच नको.

‘यातली सगळ्यात महत्त्वाची कुठली?’ मी विचारलं.

‘तिसरी,’ ती म्हणाली. ‘जी अँटिबॉडी सगळीकडे हो म्हणते, तिचा उपयोग काय? तिला नाही म्हणता आलं पाहिजे.’

हे तिनं मान वर न करता सांगितलं. मी मात्र वहीत चौकट करून लिहून घेतलं.

कारण नाही म्हणणं अँटिबॉडीला जमतंच असं नाही. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या तपासणीत बाजारात विकल्या जाणाऱ्या ६१४ अँटिबॉडीज ६५ प्रथिनांसाठी तपासल्या गेल्या. पद्धत सोपी आणि कठोर : ज्या पेशीतून ते प्रथिन मुळातच उडवून टाकलंय, त्या पेशीसमोर अँटिबॉडी उभी करायची. गप्प बसली तर पास. निम्म्याहून जास्त अँटिबॉडीज निदान एका वापरात नापास झाल्या. लेबल झकास, पॅकिंग झकास, आणि बोट भलत्याकडेच. अशा अँटिबॉडी वापरून किती रिसर्च पेपर लिहिले गेले असतील, याचा हिशोब शास्त्रज्ञ आता डोक्याला हात लावून करतायत.

एम-७५ त्या मानानं सरळ वागणारी. ती नऊ नंबरच्या अशा एका टोकाला चिकटते, जे बाकीच्या भावंडांकडे नाहीच. त्यामुळे तिची गल्लत होण्याची शक्यता कमी. १९९४ साली अमेरिकेत एका गटानं ती गर्भाशयमुखाच्या तुकड्यांवर लावून पाहिली. कॅन्सरच्या तुकड्यांत रंग आला, निरोगी तुकड्यांत आला नाही. तेव्हा अनेकांना वाटलं, सापडली टेस्ट!

पण गोष्ट तेवढी सोपी निघाली नाही. नऊ नंबर हा मुळात ऑक्सिजनच्या टंचाईचा निरोप्या. टंचाई प्रत्येक गाठीत सारखी नसते, एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतही नसते. त्यामुळे गर्भाशयमुखाच्या रोजच्या तपासणीत एम-७५ आली नाही. तिथे तुकड्यावर ‘पी-सिक्स्टीन’ नावाची दुसरी अँटिबॉडी वापरतात. नऊ नंबरची अँटिबॉडी पॅथॉलॉजिस्टला उपयोगी पडते ती किडनीच्या गाठींचा प्रकार ओळखायला. म्हणून नळीवर ती शेवटची ओळ आहे : फॉर रिसर्च यूज ओन्ली. मला हे लेबल आवडलं ते याच ओळीसाठी. ‘मला एवढंच कळतं, याच्यापुढे माझ्यावर विसंबू नका’ असं स्वतःच्या अंगावर लिहून घेणारी वस्तू विरळाच.

आता चला गेवराईला.

बिनलेबलची फाईल

बीड जिल्ह्यातली गेवराई हे माझं आजोळ. बीडकडून संभाजीनगरला जाताना लागतं. उत्तरेला गोदावरी, आजूबाजूला कापूस आणि ऊस. गंमत अशी, की ऊस आपल्या रानात असूनही इथली हजारो कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर दुसऱ्यांचा ऊस तोडायला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात. दोन माणसं, एक कोयता. मुकादमाकडून आधीच उचल घ्यायची आणि ती फिटेपर्यंत तोडायचं. एक दिवस काम चुकलं की ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. पाळी आली, ताप आला, पोटात दुखलं, सगळं खाड्याच्याच खात्यात. फडावर संडास नाही, पाणी नाही, आडोसा नाही. इन्फेक्शन होणार नाही तर काय होणार?

मागच्या उन्हाळ्यात मी मामीकडे गेले होते. मामीनं शेजारणीला सांगून ठेवलं होतं, की आमची भाची पेपरात लिहिते. त्यामुळे दुपारी मावशी आल्या त्या थेट कॅरीबॅगेत गुंडाळलेली फाईल घेऊनच. वय विचारलं तर म्हणाल्या, ‘असंल चाळीस.’ ऑपरेशन झालं तेव्हा तिशीही उलटली नसावी.

‘ताई, इंग्लिश हाय. बघा बरं काय लिवलंय.’

मी बघितलं. सोनोग्राफीचा एक कागद. रक्ताचा एक. औषधांच्या चिठ्ठ्या. बिल, ज्यावरचा आकडा फेडायला त्यांना पुढच्या हंगामाची उचल लागली होती. डिस्चार्जचा कागद. त्यावर लिहिलेलं : गर्भाशय काढलं.

‘काय त्रास होत होता, मावशी?’

‘अंगावरून पांढरं जायचं. कंबर धरायची. डॉक्टर म्हनले, पिशवीला सूज हाय. आत्ता नाही काढली तर कॅन्सर व्हईल.’

‘तुकडा तपासायला पाठवला होता का?’

‘कशाचा तुकडा? आख्खी पिशवीच काढली की.’

मी फाईल पुन्हा पहिल्या पानापासून चाळली. ऑपरेशनआधी तुकड्याचा रिपोर्ट नाही. ऑपरेशननंतर काढलेल्या पिशवीचाही रिपोर्ट नाही. काढलेला अवयव पॅथॉलॉजीला पाठवायचा, हा वैद्यकातला रिवाज आहे. इथे तो पाळल्याची खूण नव्हती. मावशी माझ्याकडे बघत होत्या.

‘मंग मला व्हता का कॅन्सर?’

या प्रश्नाचं उत्तर त्या फाईलमध्ये नाही. आणि आता कुठेच नाही. ज्या तुकड्याला विचारता आलं असतं, तो केव्हाच गेला. पुण्यात दोन-तीन थेंबांसाठी तीन-तीन काचा लावून बसतात आणि इथे एका बाईचा अख्खा अवयव एका वाक्यावर गेला. त्या वाक्याला नाही म्हणताच येत नव्हतं. पांढरं जातंय? कॅन्सर होईल. कंबर दुखते? कॅन्सर होईल. रूममेटच्या भाषेत, ही सगळीकडे रंग देणारी अँटिबॉडी. तिच्या ट्रेमध्ये ती केराच्या टोपलीत जाते.

ही एकट्या मावशींची गोष्ट असती तर मी कॉलममध्ये आणली नसती. २०१९ साली बीडच्या या ऑपरेशनांवर बराच गदारोळ झाल्यावर राज्य सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या ८२,३०९ बायकांची पाहणी झाली. त्यांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली होती. दर सहा जणींमागे एक. २०१५-१६च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरात १५ ते ४९ वयाच्या बायकांमध्ये हे प्रमाण साधारण ३ टक्के होतं. दोन पाहण्यांची मोजपट्टी तंतोतंत एक नाही, पण फरक एवढा आहे की मोजपट्टीवर वाद घालण्यात अर्थ नाही.

‘खाडे नकोत म्हणून बायका स्वतःच काढून घेतात’ असं एक उत्तर शहरात फार ऐकू येतं. अर्धं खरं आहे. पाळीचा जाच आहे, उचलीचा जाच आहे, पोरं झाली आता पिशवीचं काय काम, हे घरातलं मत आहे. पण त्या सगळ्यावर शिक्का मारणारा शब्द ‘कॅन्सर’ हा असतो. तो ऐकल्यावर कोण थांबेल? तुम्ही थांबाल? आणि पिशवी गेली की विषय संपत नाही. सोबत अंडाशयंही काढली असतील तर पाळी जायचं वय एका रात्रीत येतं. अंगातून वाफा, हाडं ठिसूळ, हृदयाला धोका. मावशींना आता कोयता उचलवत नाही. खाडा टाळायला काढलेली पिशवी, आणि आता खाडेच खाडे.

पण टेस्ट तर शेजारीच होती!

इथे कुणी म्हणेल, अहो, खेड्यात कुठून आणायच्या अँटिबॉडी आणि फ्रीझर? म्हणूनच ही पुढची गोष्ट सांगायची आहे. ती मला सगळ्यात जास्त टोचते.

बीडला खेटून धाराशिव जिल्हा आहे, तेव्हाचा उस्मानाबाद. तिथल्या खेड्यांत १९९९ पासून एक प्रचंड अभ्यास झाला. बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचं टाटा मेमोरियल आणि फ्रान्समधली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था, असे तिघे मिळून. तीस ते एकोणसाठ वयाच्या १,३१,७४६ बायका. गावांचे चार गट केले : एकाला एचपीव्ही या विषाणूची टेस्ट, एकाला पॅप स्मिअर, एकाला अॅसेटिक अॅसिड लावून नुसत्या डोळ्यांनी तपासणी, आणि चौथ्याला नेहमीची आरोग्यसेवा, म्हणजे तपासणी नाहीच. (या चौथ्या गटावरून पुढे मोठा नैतिक वाद झाला, आणि तो व्हायलाच हवा होता.) निकाल २००९ साली छापून आला. एचपीव्ही टेस्ट आयुष्यात फक्त एकदा झालेल्या गटात गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू जवळजवळ निम्म्यावर आले.

आता गंमत बघा. या टेस्टमध्ये विषाणूचा डीएनए पकडायला प्लॅस्टिकच्या छोट्या वाट्यांच्या तळाशी काय लावलेलं असतं? अँटिबॉडी! डीएनए आणि आरएनएची विशिष्ट जोडी जमली तरच चिकटणारी, नाहीतर गप्प बसणारी. म्हणजे मराठवाड्यातल्या बायकांच्या दारात प्रयोगशाळेतली अँटिबॉडी पोचली होती, गेवराईच्या शेजारच्याच जिल्ह्यात, आणि मावशींचं ऑपरेशन होण्याच्याही आधी.

तिनं तिथे काय सांगितलं? टेस्ट झालेल्या दहातल्या साधारण नऊ जणींना तिनं सांगितलं, ‘नाही.’ उरलेल्या एकीलाही ‘कॅन्सर आहे’ असं सांगितलं नाही. ‘पुढे तपासा’ एवढंच सांगितलं. मग तुकडा, मग गरज असेल तरच उपचार. तेही बहुतेक वेळा बिघडलेल्या पेशींपुरते, पिशवीला हात न लावता.

आणि फ्रीझर नकोच असेल तर मुंबई आहे. टाटा मेमोरियलच्या डॉ. सुरेंद्र शास्त्री यांच्या टीमनं झोपडपट्ट्यांमधल्या सुमारे दीड लाख बायकांवर केलेला अभ्यास. साधन काय, तर व्हिनेगर! म्हणजे पातळ अॅसेटिक अॅसिड. गर्भाशयमुखाला लावायचं, मिनिटभर थांबायचं, पांढरा डाग उठला तर पुढे पाठवायचं. तपासणाऱ्या कोण, तर थोडं प्रशिक्षण दिलेल्या आरोग्य कार्यकर्त्या. २०१३ साली निकाल जाहीर झाले : मृत्यू ३१ टक्क्यांनी कमी. स्वयंपाकघरातल्या बाटलीएवढं स्वस्त साधन, पण शिस्त तीच. विचारायचं, थांबायचं, आणि उत्तर ‘नाही’ आलं तर बाईला घरी पाठवायचं.

तेव्हा प्रश्न पैशाचा किंवा फ्रीझरचा नाही. विचारण्याचा आहे.

थोडं बदललंय, तेही सांगते. २०१९च्या गदारोळानंतर बीडमध्ये खासगी रुग्णालयांना गर्भाशय काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घेणं बंधनकारक झालं. २०२३ साली सर्वोच्च न्यायालयानं अनावश्यक गर्भाशय शस्त्रक्रिया रोखण्यासाठीची केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं राज्यांना तीन महिन्यांत लागू करायला सांगितली. कागद चांगले आहेत. कागदाचं काय होतं, ते मावशींच्या कॅरीबॅगेत मी बघितलंय.

आणि हे फक्त ‘तिकडचं’ नाही बरं का. तुमच्या घरी पोळ्या करायला येणाऱ्या, ऑफिसचा मजला पुसणाऱ्या, सोसायटीच्या गेटवर बसणाऱ्या किती जणींचं गाव बीड, जालना, परभणी असतं, कधी विचारलंत? त्यांच्याकडेही एक कॅरीबॅग असते. आणि हो, तुमच्या स्वतःच्या आईचीही एक फाईल असते, जी तिनं कपाटात साड्यांखाली ठेवलेली असते. इंग्रजी तुम्हाला वाचता येतं. एक दुपार द्या.

चौकट : फाईल हातात आली की

• ‘कॅन्सर होईल’ आणि ‘कॅन्सर आहे’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. डॉक्टर नेमकं कुठलं म्हणाले, ते विचारा.

• तुकडा (बायॉप्सी) तपासला का? रिपोर्ट कुठे आहे? सोनोग्राफीतली ‘सूज’ म्हणजे कॅन्सरचं निदान नव्हे.

• पांढरं जाणं, ओटीपोटात दुखणं याचं कारण बऱ्याचदा इन्फेक्शन असतं, आणि ते औषधांनी बरं होतं. पाळी गेल्यावर रक्त जाणं, संबंधांनंतर रक्त जाणं, या तक्रारी मात्र कधीच अंगावर काढू नका.

• तिशीनंतर एचपीव्ही टेस्ट करून घ्या. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते दर पाच ते दहा वर्षांनी एकदा केली तरी चालते. तक्रार नसतानाच करायची असते ती.

• मुलींसाठी एचपीव्हीची लस आहे. पुण्यात तयार होणारी भारतीय लसही आहे. डॉक्टरांशी बोला.

• ऑपरेशन खरंच लागणार असेल तर दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या, अंडाशयं ठेवणार की काढणार ते विचारा, आणि काढलेला भाग तपासणीला पाठवून त्याचा रिपोर्ट फाईलला लावून घ्या. तो तुमचा हक्क आहे.

• आणि निदान कुठलंही असो, एक प्रश्न नक्की विचारा : ‘डॉक्टर, हे तसं नसतं, तर तुम्हाला कशावरून कळलं असतं?’ उत्तर मिळालं तर ऐका. उत्तर नसेल तर फाईल उचला आणि दुसरीकडे दाखवा.